इस्त्रीवाल्याचा पिच्चर आणि वरशाचा डावा डोळा

रोह्याजवळच्या वरसे गावचा, वरशाचा पाट कारखान्यात आला की मला आधी त्याचा वास येतो. माळ्यावरच्या कोंड्याचा, वर्षभर सुकलेल्या कुंकवाचा, आणि कोपरा कुरतडून गेलेल्या उंदराचा. बाकीचे पाट नुसते लाकडाचे वाटतात. हा सासुरवाडीचा हाय म्हणून वास येतो, की मलाच तसं वाटतं, कोण जाणे. माझं नाक माझ्या डोक्यापेक्षा हुशार हाय, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य हाय.

ज्यांना ठाऊक नाय त्यांच्यासाठी सांगतो. रोह्याकडची, खांब गावाकडची जुनी घरं तयार गणपती उचलून नेत नाहीत. पावसाळा लागला की आपला पाट पेणला आणून देतात. कारखान्यात त्याच पाटावर मूर्ती बसते, आणि चतुर्थीच्या आधी घरचं माणूस येऊन ती घेऊन जातं. विसर्जनाला मूर्ती जाते, पाट परत येतो आणि माळ्यावर चढतो. मूर्ती दरवर्षी नवी, पाट तोच. आमच्या संसाराचंपण तसंच हाय. बायको दरवर्षी नवी वाटते, मी पाट.

यंदा पाट घेऊन माझा मेव्हणा दत्ता आला. पाट त्यानं कारखान्यात न देता सरळ आमच्या ओटीवर ठेवला, चहा घेतला, आणि अगदी शांतपणे म्हणाला, "भावोजी, गेल्या साली तुमच्या पोरांनी डोळे सरळ काढले. घरात गणपती बसलाय का बँकेचा मॅनेजर, तेच कळंना. पाच दिवस कोणी धड हसलं नाय."

मी म्हटलं, कारखान्यातली पोरं चांगली हाईत, हात स्थिर हाय त्यांचा.

"ते असंल. पण आमचा डोळा तुमी काढायचा. नाय जमत तर तसं सांगा. पुढल्या सालापासून रोह्यातनंच तयार आणू. पाट राहील माळ्यावर."

रागानं बोलला असता तर मी दोन जोक मारून घालवलं असतं. तो रागानं बोललाच नाय. आतून माझी बायको सुमन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं पदरानं पाट पुसला, कुरतडलेल्या कोपऱ्यावर जरा जास्त वेळ. आईबाप गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे हा पाट. तो आला की त्याच्याबरोबर वाल येतात, पोहे येतात, कोणाच्या म्हशीनं कोणाचं शेत खाल्लं ते येतं. पाट माळ्यावर राहिला तर फोन येतील. फोनमधून वाल येत नाहीत.

आता माझी गोची सांगतो. पहिली गोष्ट, माझा हात कापतो. चहाचा कप उचलला की बशी ताशासारखी वाजते, शेजारी विचारतात मिरवणूक कुठं चाललीय. दुसरी गोष्ट याहून वाईट. तो डोळा मला आठवंना. दरसाल हातच काढायचा, हात बिघडला तसा डोळापण गेला. कसा आठवणार? मी तो शिकलोच नव्हतो. एका इंग्रजी पिच्चरमधून उचलला होता.

आमचा बाप पेणच्या खाडीकडच्या मिठागरात राबायचा. शाळा मी बाहेरून पाहिली, कौलं चांगली होती. मिशी फुटायच्या आधीच मला गणपतीच्या कारखान्यात टाकला. कारखाना नानांचा. मूर्तीचे डोळे नाना स्वतः आखायचे, दुसऱ्या कोणाला कुंचल्याला हात लावू द्यायचे नाहीत. माझ्याकडे पॉलिश पेपर. वर्षानुवर्षं मी देवाचं पोट घासलं. आजसुद्धा पावसात भिजलेल्या मातीचा आणि काथ्याचा वास आला की माझे हात आपोआप गोल फिरायला लागतात. एकदा एका बारशाला समोर बसलेल्या पाव्हण्याच्या पोटावर फिरणार होते, थोडक्यात वाचलो.

सुट्टी मिळाली की मी एसटीनं रोह्याला मावशीकडे जायचो. मावशीची माया होतीच, पण खरी ओढ टॉकीजची. पत्र्याचं छप्पर, पुढं बाकडी, बाकड्यात ढेकूण. मागच्या बाजूला मासळीबाजार, त्यामुळे हिरो हिरवीणीच्या जवळ गेला की नेमका बोंबलाचा वास यायचा. भरतीच्या वेळी कुंडलिका नदीवरून वारा सुटला की दाराचा पडदा उडायचा, आणि परदेशातल्या राजवाड्यात रोह्याचं ऊन पडायचं. मधल्या सुट्टीत चणेवाला बाकड्यांच्या मधून फिरायचा. त्याच्या पाटीतल्या निखाऱ्याचा वास, विड्यांचा धूर, खोबरेल तेलाची डोकी. मला आजपण सिनेमा म्हटलं की तोच वास येतो. सून एकदा मला मोठ्या थंडगार थेटरात घेऊन गेली होती. तिथं कशाचाच वास नव्हता. मला वाटलं पिच्चर चालूच झाला नाय.

तर एकदा त्या टॉकीजला मुंबईहून चुकीचे डबे आले. हाणामारीचा हिंदी पिच्चर लागायचा होता, डब्यातून निघाला इंग्रजी. तोपण जुना, काळा-पांढरा, सगळा नाचगाण्याचा आणि हसण्याचा. दुसरे डबे येईपर्यंत मॅनेजरनं तोच दुपारच्या खेळाला लावला. पहिल्या दिवशी लोकांनी शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी तेच लोक परत आले. मी तर मावशीला पोट दुखतंय सांगून मुक्काम वाढवला, आणि रोज दुपारी दुखणारं पोट घेऊन टॉकीजला गेलो.

गोष्ट अशी. एक पोरगा मोठ्या लाँड्रीत इस्त्री करतो. गिऱ्हाइकांचे कोट इस्त्रीला येतात, ते हा अंगात घालतो आणि श्रीमंतांच्या पार्टीत घुसतो. तिथं एक पोरगी भेटते, तिला वाटतं हा कोणीतरी बडा हाय. गाणं होतं, नाच होतो, आणि गाणं संपता संपता कोणीतरी आपला कोट ओळखतो. मग पळापळ. पुढच्या गाण्याला नवीन कोट. इंग्रजी कोणाला येत नव्हतं, पण अडलं कोणाचं नाय. दुसऱ्याच्या कपड्यात लग्नाला जाणं म्हणजे काय हे आख्ख्या रोह्याला ठाऊक होतं.

आणि बुटांचा आवाज. तो पोरगा लाकडी जमिनीवर बूट वाजवत नाचायचा, त्याचा आवाज थेट सुपात वाल पाखडल्यासारखा यायचा. इस्त्रीच्या टेबलांवर चढून तो नाचतो, चारी बाजूंनी वाफ उठते, शर्ट आपोआप हात हलवतात. त्या वेळी बाकड्यांवर एकदम चिडीचूप व्हायचं, चणेवालासुद्धा उभा राहायचा.

पण माझा जीव अडकला होता तो दुसऱ्याच एका ठिकाणी. लाँड्रीचा मालक, म्हातारा, गलेलठ्ठ माणूस, धुतलेले कपडे पोचवायला त्याच पार्टीत येतो. समोर आपला नोकर, दुसऱ्याच्या कोटात, हातात मोठ्या घरची पोरगी. मालकाचं तोंड आख्ख्या पडद्यावर मोठं होतं. आता हा ओरडणार, आता पोराची वाट लागणार. आणि मालक काय करतो? डावा डोळा अर्धा मिटतो. बस. पाहिलंय, पण सांगणार नाय. आणि निघून जातो.

मला हा प्रकारच नवा होता. आमच्याकडे ज्यानं पाहिलं तो सांगायचाच, आणि बाप मीठ ओढायचं फावडं घेऊन यायचा. पाहून गप्प राहणारा मोठा माणूस मी पहिल्यांदा बघितला, तोपण इंग्रज. त्या एका डोळ्यासाठी मी दरवेळी तिकीट काढलं.

त्याच सालची गोष्ट. गणपती आठवड्यावर आले आणि नानांचे डोळे आले. लाल झाले, चिकटले, काळा चष्मा लावून नाना खाटेवर. आखणी राहिलेली. नानांनी एकेकाचा हात बघितला, त्यातल्या त्यात माझाच स्थिर, म्हणून कुंचला माझ्या हातात दिला. थोड्याच मूर्ती होत्या, साध्या घरांच्या. मी जीव मुठीत धरून डोळे काढले. सगळे बरे आले. शेवटी वरशाचा पाट राहिला. तोवर मी स्वतःला मोठा कलाकार समजायला लागलो होतो. उजवा डोळा काढला, नीट. डावा काढताना मनात काय आलं, देवालाच ठाऊक, आणि त्याला तर ठाऊक असणारच, कारण तोच समोर होता. हातानं पापणी अर्धी खाली ओढली.

दुसऱ्या दिवशी उजेडात बघितलं तर गणपती मालकासारखा बघत होता. मोदकाचं ताट कोणी लांबवलंय हे त्याला ठाऊक हाय आणि तो बोलणार नाय, असा. कारखान्यात कोणी हसलं नाय, त्याचीच जास्त भीती वाटली. नानांनी चष्मा वर करून बघितला आणि परत खाली केला.

पाट नेणारे आले ते सुमनचे वडील, आबा. तेव्हा माझे कोणी लागत नव्हते. वरशाचा कडक माणूस. वालाचं शेत, कपाळावर गंध, घरात रेडिओवर सिनेमाचं गाणं लागलं तर बटण बंद करणारा. मूर्तीसमोर उभे राहिले. खूप वेळ. नाना म्हणायला लागले, आबा, डोळ्याचं जरा असं झालंय, आमची चूक, दुसरी मूर्ती बघू.

आबांनी विचारलं, "कोणी काढला ह्यो डोळा?"

सगळे बाजूला झाले. मधे मी, हातात पॉलिश पेपर. मी मनातल्या मनात परत मिठागरावर पोचलो होतो.

आबांनी खांद्यावरचा कोरा रुमाल काढला, गणपतीच्या तोंडावर घातला, नेताना झाकतात तसा, आणि पाट डोक्यावर घेतला. दारातून वळून म्हणाले, "पुढल्या साली ह्योच डोळा पायजे." मला वाटलं टोमणा हाय. वर्षभर मी तो टोमणा म्हणूनच जपला. पण पुढल्या साली पाट आला, निरोपपण तोच आला. मग दरसाल. मग एका साली मला जेवायला बोलावलं, बिरड्याची उसळ आणि तांदळाची भाकरी. वाढायला सुमन होती. पुढचं काय सांगायचं. मी तिच्याकडे बघताना भाकरीऐवजी पाटाची कड मोडायला निघालो होतो.

तर हा डोळा मला यंदा परत पायजे होता. म्हणून मी सुनेला म्हटलं, मनीषा, मोबाईलमध्ये एक पिच्चर शोधून दे. नाव ठाऊक नाय, हिरो ठाऊक नाय, इस्त्री हाय. ती बिचारी दोन दिवस शोधत होती. शेवटी सापडला. दुपारी तिनं तो मोठ्या टीव्हीवर लावून दिला आणि ती शिफ्टला गेली. मी पुढं खुर्ची ओढून बसलो. सुमन मागं जमिनीवर मोड आलेले वाल सोलत बसली. म्हणाली, तुमी बघा, मला काय त्यातलं कळतंय.

आता पिच्चर कसा हाय, खरं सांगू? अर्धा सोनं, अर्धा चोथा. इस्त्रीच्या टेबलावरचा नाच आजपण तसाच हाय, माझ्या अंगावर काटा आला. बुटांचे वाल तसेच सुपात पडतात. पण बाकी? हिरवीण रडायचं सोडून गाते आणि गायचं सोडून रडते. दर पाच मिनिटांनी गाणं, कोणी दार उघडलं तरी गाणं. आख्ख्या पिच्चरमध्ये कोणी पोटभर जेवत नाय, नुसते गलास घेऊन फिरतात. आणि शेवटी कळतं पोरगा एका श्रीमंताचा हरवलेला भाचा हाय, म्हणजे कोट त्याचेच होते म्हणा. मला हे बिलकूल आवडलं नाय. मग चोरी केलीच कुठं त्यानं? आम्ही बाकड्यावर श्वास धरून बसायचो ते कशासाठी? तेव्हा हा शेवट मला दिसलाच नव्हता बहुतेक, शेवटाला पुढचे सगळे आधीच उठायचे, एसटी पकडायला, आणि पडदा झाकायचे.

पण हे मी सहन केलं असतं. मालक आला. पार्टीत आला, समोर पोरगा, मालकाचं तोंड मोठं झालं. मी पेन्सिल घेऊन पुढं सरकलो.

मालकाचे दोन्ही डोळे सताड उघडे.

मी सुमनला म्हटलं, थांब गो, पुढं असंल. रिमोटचं काय दाबलं कोण जाणे, पण तेच परत लागलं. परत सताड उघडे. आणि डोळे उघडे म्हणजे नुसते उघडे, आत काय नाय. त्यानं पोराला ओळखलेलाच नाय. म्हातारा अधू नजरेचा हाय, म्हणून पार्टीतले लोक हसतात. एवढाच जोक. पाहिलंय पण सांगणार नाय, असलं काय नाय. त्यानं पाहिलंच नव्हतं.

मी खुर्चीत मागं पडलो. जन्मभर ज्या डोळ्यावर भाकरी खाल्ली, बायको मिळवली, तो डोळा जगात नव्हताच. मी म्हटलं, बघ गो, मी किती येडा. डोळा अर्धा मिटलेला मी स्वतः बघितला होता, एकदा नाय, कितीतरी वेळा.

मागून सुमन म्हणाली, "पडदा फाटलेला हुता."

मी वळलो. ती वालावरची नजर न काढता बोलत होती.

"टॉकीजचा पडदा. कोणीतरी कुठल्यातरी पिच्चरात व्हिलनला नारळ मारला हुता. तिथं ठिगळ लावलेलं. तोंड मोठं झालं की डाव्या डोळ्यावर यायचं ते. रोह्यात सगळ्यांना ठावं हाय. तुमी पेणचे."

म्हणजे मी ठिगळाच्या प्रेमात पडलो होतो. हसावं की काय करावं कळंना, मी हसलोच. मग माझ्या डोक्यात उशिरा उजेड पडला, आमच्याकडे वीज येते तसा. मी विचारलं, तुला कसं ठाऊक? तू हा पिच्चर बघितलास कुठं? तुमच्या घरात तर सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती.

सुमननं सोललेले वाल वाटीत टाकले.

"शाळा बुडवून गेले हुते. मैत्रिणीबरोबर. तो मालक आला, सगळे हसले, आणि पुढच्या बाकड्यावर एक माणूस सगळ्यात मोठ्यांदा हसला. मांडीवर वालाची रिकामी पोती. आबा हुते."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"हसता हसता वळले. मी दिसले. मला वाटलं आता मेले. आबांनी माझ्याकडं बघितलं," सुमन म्हणाली, "आणि डावा डोळा असा केलान." तिनं माझ्याकडं बघून डोळा अर्धा मिटला.

तो होता. तोच. पापणी किती खाली, भुवई किती वर, कोपऱ्यात हसू कुठं अडकलंय, सगळं.

"घरी त्यांनी सांगितलं नाय, मी पण नाय. कधीच नाय. मग त्या साली आबा पेणवरनं गणपती घेऊन आले, रुमाल काढला, आणि घरातले सगळे म्हणायला लागले हे काय झालं डोळ्याला. आबा म्हणाले, असू दे, बरा हाय. आणि माझ्याकडं बघितलंच नाय त्यांनी. मीपण नाय बघितलं. दोघं गणपतीकडंच बघत उभे."

मी म्हटलं, मला एवढी वर्षं का नाय सांगितलंस?

"सांगायचं नाय असंच ठरलं हुतं ना. आता तुमचा डोळा अडला म्हणून सांगितलं."

टीव्हीवर इस्त्रीवाला अजून नाचत होता. कोणीतरी त्याचा कोट ओढत होतं. आम्ही बंद केला नाय, आवाज तेवढा चांगला येत होता.

डोळा मी दोन दिवसांनी काढला, सकाळी, उजेड चांगला असताना. सुमनला कारखान्यात आणून समोर बसवली. पोरं बघत होती, म्हातारा आता बायकोचं चित्र काढणार म्हणून. हात कापत होता तो कापतच होता. उजव्या डोळ्याला मी एका पोराला बसवलं, सरळ रेघ त्याचीच. डाव्याला मी. पापणीची रेघ जरा हलली, आणि हलली म्हणून ती जिवंत वाटली. स्थिर हातानं हसू येत नसेल बहुतेक. ही अक्कल मला आता आली, जेव्हा हात राहिला नाय.

दत्ता चतुर्थीच्या आदल्या दिवशी आला. मूर्तीसमोर उभा राहिला, बापासारखाच, खूप वेळ. मग त्याचा खांदा हलायला लागला. हसत होता. म्हणाला, "आता आला घरचा माणूस." मी विचारलं, पाटाचं काय? तो म्हणाला, पाटाचं काय म्हणजे, पुढल्या साली आणतो की, आणि वाल किती पायजेत ते ताईला आत्ताच विचारून ठेवा.

त्यानं रुमाल काढला, तोंड झाकायला. सुमन पुढं आली, म्हणाली दे इकडं, मी घालते. तिच्या हाताला सकाळी सोललेल्या वालाचा वास येत होता. रुमाल दोन्ही हातांत धरून ती जरा वाकली. मी मागंच उभा होतो, माझा एक कान गेलाय, पण दुसरा नको तिथं चांगला चालतो.

ती हळूच म्हणाली, "आबा, मी त्या दिवशी शाळेतच हुते हां."

आणि रुमाल टाकायच्या आधी एक क्षण थांबली, डाव्या डोळ्याकडे बघत.